मुंजाजीचं आतडं

संपादकांचा फोन आला तेव्हाच मी त्यांना सांगितलं, की माझा विषय दिवाळीच्या फराळाशेजारी शोभणारा नाही. माणसं हातात चकली घेऊन अंक उघडणार आणि समोर आव, रक्त, संडास. ते म्हणाले, तुम्ही लिहा तर खरं, चकलीचं आम्ही बघतो. म्हणून लिहिते आहे. वाचकांनी आपापल्या बशीचं काय ते ठरवावं.

मी हिंगोलीत फिजिशियन आहे. माझे यजमान अविनाश सर्जन. दोघांचा मिळून एक दवाखाना आहे. खाली तपासणी, वर पेशंट ठेवायच्या खोल्या आणि त्याच्याही वर आमचं घर. ताप, शुगर, बीपी असं सगळंच मी बघते, पण मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला शिकून आले आणि हळूहळू माझी ओळख तीच झाली. मुलगी शाळेत असताना तिला बाईंनी विचारलं, तुझी आई कसली डॉक्टर? ती म्हणाली, पोटाची. घरी आल्यावर मला म्हणाली, पुढचं मी सांगितलं नाही.

पुढचं कोणीच सांगत नाही, ही माझ्या कामातली पहिली अडचण. पेशंट येतो आणि छातीत जळजळतं म्हणतो. मग हातपाय गळाल्यासारखे वाटतात, भूक लागत नाही, झोप नाही. मी तपासते, औषध लिहून देते, तो उठतो, दारापर्यंत जातो, आणि पडद्याला हात घालून, पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणतो, अन् म्याडम, कधीमधी खालून लाल जातं. ज्यासाठी तो आलेला असतो ते हे एक वाक्य. बायका तर तेवढंही म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी ते त्यांची जाऊ नाहीतर बहीण सांगते. वर्षानुवर्षं बहुतेकांनी त्याला मूळव्याध समजून कुठली तरी मुळी उगाळून घेतलेली असते.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते लाल होतं, सोलवटतं, त्यातून रक्त आणि आव पडते, त्याला आम्ही कोलायटिस म्हणतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक बाहेरून येतो: घाण पाण्यातून, शिळ्या अन्नातून, जंतूंमुळे किंवा अमीबामुळे. दुसरा आतूनच उठतो. अंगातली जी शिबंदी जंतूंशी लढायला ठेवलेली असते, ती आपल्याच आतड्यावर उलटते. का उलटते हे अजून कोणाला पक्कं माहीत नाही. दोन्हींचा चेहरा सारखा: पोटात मुरडा, रक्त, धावाधाव. औषधं मात्र उलटसुलट. दुसऱ्या प्रकाराला शांत करणारं स्टिरॉइड पहिल्या प्रकारात डोळे झाकून दिलं, तर आतडं फुटून माणूस दगावू शकतो. आणि पहिल्या प्रकारातल्या जंतुनाशक गोळ्या दुसऱ्याला महिनोन् महिने दिल्या तरी तो जागचा हलत नाही. तेव्हा माझं अर्धं अधिक काम म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं आतडं यातल्या कोणत्या वाटेनं गेलंय ते ओळखणं.

हे सगळं एकाच माणसाच्या बाबतीत, दोन्ही बाजूंनी, मला बघायला मिळालं. त्याचं नाव मुंजाजी. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगाव ते हिंगोली अशी काळीपिवळी जीप चालवायचा. तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल. घरी थोडी कोरडवाहू जमीन, बायको शोभा शेळ्या सांभाळायची, आणि दोन लेकरं.

पहिल्यांदा तो माझ्याकडे पेशंट म्हणून आलाच नाही. त्यांच्या गावात सप्ता झाला, काल्याचं जेवण झालं, सगळं गाव पंगतीला बसलं. पावसाचे दिवस होते, वरून वाहून आलेलं पाणी विहिरीत उतरलेलं, आणि पंगतीला पाणी त्याच विहिरीचं. दुसऱ्या दिवसापासून घरोघर ढाळ सुरू झाले. आधी पाण्यासारखे, मग मुरडा आणि रक्त, सोबत ताप. सरकारी दवाखाना भरून वाहू लागला तसे लोक आमच्याकडे येऊ लागले, आणि त्यांतले निम्मे मुंजाजीच्या जीपमधून. मागच्या बाकांवर माणसं आडवी टाकलेली, तो त्यांना उचलून आत आणायचा, पायरीवर घटकाभर टेकायचा आणि जीप वळवून पुन्हा निघायचा. आमच्याकडे खाटा संपल्या. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या आणि खिडकीच्या गजांना पट्ट्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगल्या.

त्याच्या एका खेपेत गयाबाई म्हणून म्हाताऱ्या बाई आल्या. मुलाने आणि मुंजाजीने मिळून त्यांना खाली घेतलं. त्यांचे डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. एवढ्याही अवस्थेत त्या मुंजाजीला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, लेका, तुझी गाडी घान झाली रं. घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली होती. म्हातारपणी पोट बिघडतंच म्हणून. ढाळ लागलेल्या माणसाला जंतूंनी मारायच्या आधी अंगातलं पाणी जाऊन मरण येतं, आणि साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजत राहिलं तरी ते पुष्कळदा टळतं, हे इतक्या वर्षांत मी किती जणांना सांगितलं असेल. गयाबाईंच्या किडन्या बंद पडल्या होत्या. नांदेडला पाठवलं, पण त्या परत आल्या नाहीत. त्या गावातलं बाकी कोणी गेलं नाही. पण मोजताना मला आधी त्याच आठवतात.

शेवटची खेप उतरवल्यावर मुंजाजी जिन्याखाली भिंतीला टेकून बसलेला दिसला. कपाळाला हात लावला तर चटका बसला. विचारलं, तुम्हालाही होतंय ना? त्याने नुसती मान हलवली. इतका वेळ बोलला का नाहीस, असं सिस्टरने विचारलं तर म्हणाला, मी झोपलो असतो तर ह्यांना कोन आनलं असतं. सलाइन लावलं, गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी ताप उतरला तसा तो कोणाला न सांगता जीप घेऊन निघून गेला.

जंतूंच्या कोलायटिसचं एक बरं असतं. तो वादळासारखा येतो आणि जातो. औषध वेळेवर मिळालं, पाणी भरून काढलं, की आठवड्याभरात माणूस भाकरीला लागतो. ते सगळं गाव भाकरीला लागलं. एकटा मुंजाजी सोडून. पण हे मला कळायला दिवाळी उलटून गेली.

तो आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. गालफडं आत गेलेली, शर्ट अंगावर लोंबत होता. बरोबर शोभा. ठेंगणी, सावळी, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, बोलणं खालच्या आवाजात. मुंजाजीने सांगितलं, पोट साफ होत नाही, बाकी काही तकलीफ नाही. मी शोभाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग त्याच हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, हे खोटं बोलून राहिले. कपडे मी धुते."

पुढचं मग दोघांनी मिळून सांगितलं. काल्यानंतर पोट कधी बरं झालंच नव्हतं. दिवसातून कितीदा तरी पळावं लागायचं, आणि पळायला वेळही मिळायचा नाही. आली की आली. निम्म्या वेळी नुसती आव आणि रक्त. मेडिकलवरून गोळ्या घेऊन झाल्या. एका लॅबने अमीबा लिहून दिला, त्याच्या गोळ्यांचे कोर्स झाले, तोंड कडू पडलं, बाकी काही फरक नाही. गावात कोणी म्हणालं, काल्याच्या परसादाला नाव ठेवलं असंल यानं, म्हणून एकट्याला बाधलं.

मी विचारलं, अशा पोटाने तुम्ही जीप कशी चालवता? तेव्हा पहिल्यांदा तो जरासा हसला. सांगितलं ते असं. निघायच्या आधी तो काही खायचा नाही, पाणीही नाही. तरी वाटेत कळ आलीच तर जीप बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, इंजन गरम झालं म्हणायचं, आणि पाण्याची कॅन घेऊन नाल्याकडे जायचं. पॅसेंजर खाली उतरून तंबाखू मळत उभे राहायचे. होता होता सगळ्या रस्त्यावर झालं, की मुंजाजीची गाडी गरम होते, हिच्यात बसू नका. गाडीत काही बिघाड नव्हता. जीप त्याने जिवापाड जपलेली, पण तिची बदनामी त्याने होऊ दिली. स्वतःच्या नावाने ती गोष्ट बोलली जाण्यापेक्षा ते त्याला बरं वाटत होतं.

असं महिनोन् महिने चालणारं दुखणं जंतूंचं नसण्याचीच शक्यता जास्त. अमीबाचं म्हणाल तर तो ताज्या, गरम नमुन्यात हलताना दिसला तर खरा. नमुना थंड झाल्यावर सुजेच्या पेशीही अमीबासारख्या दिसतात आणि कागदावर अमीबा उमटतो. मी विचारलं, झोपेतून उठावं लागतं का? शोभा म्हणाली, रोज. जुन्या सुजेची ही एक खूण असते. पोटातल्या टीबीचाही विचार करावा लागतो, आपल्याकडे तर नक्कीच. म्हणून म्हटलं, दुर्बिणीने आत बघावं लागेल.

दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर मुंजाजी खुर्चीत मागे सरकला. म्हणाला, "गडी मानूस डाक्टर न्हाई का? सर हायेत ना?" मी सांगितलं, सर ऑपरेशन करतात, दुर्बीण मीच करते. तो उठायच्या बेतात होता. त्याला शोभाने बसवलं. आवाज तिने वर केला नाही.

"बाळंतपनात मला गडी डाक्टरनं पायलं, तवा तुमी काय म्हनले व्हते? जीव मोठा हाय, लाज न्हाई, असंच म्हनले ना? मंग तुमचा जीव काय बारीक हाय?"

मुंजाजीने माझ्याकडे न बघता विचारलं, कवा यायचं?

निरोगी आतडं आतून फार देखणं असतं, हे मी पैजेवर सांगते. ओलसर, गुलाबी, चकचकीत, आणि पानाच्या शिरांसारख्या बारीक रक्तवाहिन्या त्यातून दिसतात. मुंजाजीच्या आतड्यात त्यातलं काही उरलं नव्हतं. शेवटच्या टोकापासून जी लाली सुरू होत होती ती मध्ये कुठे जागा न सोडता डाव्या बाजूने वर चढत गेलेली. रेगमालाने घासल्यासारखं अस्तर, दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येत होतं. टीबी बहुधा लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतात तिथे घर करतो. ती जागा स्वच्छ होती. बारीक तुकडे काढून तपासणीला पाठवले. पॅथॉलॉजिस्टने कळवलं, की अस्तरातल्या ग्रंथींची घडणच बिघडून गेली आहे, हे थोड्या दिवसांचं काम नाही. म्हणजे काल्याच्या पंगतीच्या आधीपासूनच ते आत धुमसत होतं, पंगतीने फक्त पेटवलं. खोदून विचारल्यावर त्याने कबूल केलं, की त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही कधीमधी लाल दिसलं होतं. उष्णता म्हणून सोडून दिलं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे नाव सांगणं सोपं. अवघड ते पुढचं. त्याने विचारलं, कवा बरं व्हईल? या प्रश्नाला मी आजवर एकही सुटसुटीत उत्तर शोधू शकलेली नाही. म्हणाले, मुंजाजी, हे दुखणं जात नाही, ते आवरून धरता येतं. रोज गोळ्या घेतल्या तर तुम्ही जेवाल, जीप चालवाल, सगळं करता येईल. पण बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि डोकं, अंग दुखलं म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनाने खायच्या नाहीत, त्यांनी हे पुन्हा उसळतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग शोभाने पुढे होऊन कुठली गोळी केव्हा ते समजून घेतलं. सकाळची एक खूण, रात्रीची एक खूण, तिने पाकिटांवर स्वतःच्या हाताने केली.

सुरुवातीला थोडे दिवस स्टिरॉइड, ते हळूहळू कमी करत बंद, आणि आतड्याची सूज धरून ठेवणाऱ्या गोळ्या कायमच्या. होळीपर्यंत तो भरून आला. जीप पुन्हा पूर्ण रस्त्यावर धावायला लागली. तपासून घ्यायला यायचा तेव्हा आता बोलायचा, पण कोणी तिसरं माणूस खोलीत असलं की गप्प. शोभाचंही तसंच. बाहेर बाकावर पेशंट असले की ती माझ्या कानाशी येऊन सांगायची, तेही अर्धं खुणेने.

असं वर्षभर गेलं. आणि एका सकाळी त्यांच्याच जीपमधून, दुसऱ्या ड्रायव्हरने, मुंजाजीला आणलं. अंगात ताप, नाडी धावत होती, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. पुन्हा रक्त, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. बरोबर शोभा आणि मुंजाजीचे मामा, कुंडलिकराव. कनेरगाव नाक्यावर त्यांचा ढाबा आहे, आवाज भारदस्त, घरातले निर्णय तेच घ्यायचे.

अविनाशने पोटावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा मला वाचता आला. पोटाचा एक्स-रे फोटो काढला. मोठं आतडं हवेने ताणलं गेलं होतं. अजून ताणलं तर फाटेल. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, गोळ्या सोडल्या असणार, सगळे तेच करतात. हे खरं आहे, बहुतेक जण तेच करतात. शोभाला विचारलं. ती म्हणाली, एक दिवस चुकला न्हाई, मी माझ्या हातानं देते. ती बाई खोटं बोलणारी नव्हती. मग मी पुढचा प्रश्न विचारला, जो अशा वेळी विचारायचाच असतो: यांनी दुसरं कुठलं औषध घेतलं का?

तिने आठवून सांगितलं, की थोड्या दिवसांपूर्वी दाढ सुजली होती. दाताच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या संपवल्या, दाढ बरी झाली. दुखण्याच्या नव्हत्या ना, म्हणून घेतल्या, तुमी दुखन्याच्या नगं म्हनल्या व्हत्या. तिचं बरोबरच होतं, आणि दाताच्या डॉक्टरचंही. सुजलेल्या दाढेला जंतुनाशक लागतंच. पण आपल्या आतड्यात चांगले जंतूही असतात, आणि जंतुनाशकाने कधी कधी तेच मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत एक चिवट जंतू माजतो आणि त्याचं विष अस्तर जाळत सुटतं. ज्याचं आतडं आधीच दुखरं, त्याच्यावर तो जास्त उलटतो.

आता प्रश्न असा होता. हा जुना आजार उसळलाय, की हा नवा जंतू आहे, की दोन्ही? नुसता जुना असेल तर भरपूर स्टिरॉइड हवं. जंतू असेल आणि मी नुसतं स्टिरॉइड ओतत बसले, तर आतडं हातचं जाईल. नमुना नांदेडला पाठवला, पण उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसता येत नव्हतं. मी दोन्ही बाजूंनी जायचं ठरवलं. शिरेतून बेताचं स्टिरॉइड, आणि त्या जंतूवरचं औषध लगेच. हे औषध शिरेतून दिलं तर आतड्याच्या पोकळीत पोचत नाही, ते तोंडानेच जावं लागतं. त्याची कॅप्सूल हिंगोलीत मिळेना. मिळत होती ती इंजेक्शनची बाटली. तीच फोडून पाण्यात कालवून पाजायची. आमच्याकडे ही रीत आहे आणि ती बरोबर आहे.

कुंडलिकमामांनी ते दारातून पाहिलं. सुईचं औषध पेल्यात ओतून पाजताहेत हे पाहून त्यांचा धीर सुटला. ते सरळ खोलीत आले आणि म्हणाले, बाई चुकून राहिल्या, आपण आत्ताच्या आत्ता पेशंट हलवू. त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, अविनाशनेही सांगितलं. त्याने पुढचंही लपवलं नाही. दोन-तीन दिवसांत आतडं वळलं नाही, तर मोठ्या शहरात नेऊन ते काढून टाकावं लागेल, आणि संडाससाठी पोटाला पिशवी लावावी लागेल. मोठ्या शहरातल्या सर्जनशी तो बोलून ठेवतोय, ॲम्ब्युलन्स सांगून ठेवतोय.

मुंजाजी डोळे मिटून पडला होता. आम्हाला वाटलं झोपलाय. त्याने विचारलं, "पिशवी लावल्यावर जीप?"

अविनाश म्हणाला, चालवता येते, कितीतरी माणसं पिशवी लावून सगळी कामं करतात. ते खरंच आहे.

"मला येईल चालवता," तो म्हणाला. "पॅशिंजर बसतील का पर?"

अविनाशने त्याच्या अंगावरची चादर नीट केली. मामा बाहेर गेले. त्यांच्यामागे शोभा गेली. व्हरांड्यात त्यांचं बोलणं झालं ते मला ऐकू आलं. मामा म्हणत होते, पोरगं हातचं जाईल. शोभा म्हणाली, "मामा, त्या दोघांनी वाईट हाय तेबी सांगितलं. लपवलं न्हाई. ज्यानं वाईट सांगितलं त्याचं चांगलंबी खरं असंल. आजचा दिस थांबू." मामा थांबले. इतकंच नाही, त्यांनी ढाब्यावरून उकळलेल्या पाण्याचे कॅन मागवले आणि पेशंटला दुसरं पाणी लागू द्यायचं नाही असं सगळ्या मजल्याला बजावलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. रोज फोटो, रोज पोटाचा घेर, रोज नाडी. दुसऱ्या दिवशी आतडं तसंच ताणलेलं. अविनाश दर थोड्या वेळाने येऊन पोटावर हात ठेवायचा. सर्जनचा हात मोठा अधीर असतो असं म्हणतात, पण तो माझ्याइतकाच ते आतडं वाचावं म्हणून धडपडत होता. शोभा पेला घेऊन उशाशी बसलेली. ते औषध चवीला वाईट, मुंजाजी तोंड फिरवायचा, ती काही न बोलता पेला तसाच धरून ठेवायची. शेवटी तो प्यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स दाराशी येऊन उभी राहिली. आदल्या दिवशीच ठरलं होतं, की सकाळचा फोटो बघून निघायचं. फोटो आला. मी तो खिडकीच्या उजेडात धरला, मग अविनाशने धरला. आतडं ओसरायला लागलं होतं. फार नाही, पण दोघांनाही दिसेल इतकं. ताप उतरला होता. अविनाश म्हणाला, अजून एक दिवस बघू. त्याच संध्याकाळी नांदेडहून कळलं, की नमुन्यात तोच जंतू होता. ॲम्ब्युलन्सवाल्याला चहा देऊन परत पाठवलं.

त्यानंतर रक्त कमी होत गेलं, मग थांबलं. पोट मऊ झालं. मामा नाक्यावर परतले. जाताना माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, ढाब्यावर या कधी. मुंजाजी भिंतीला धरून संडासापर्यंत चालायला लागला, पण मी त्याला घरी सोडत नव्हते. संडासला अजून पातळच होत होतं, ज्याची वाट बघत होते ते व्हायचं होतं.

त्या दिवशी सोमवार, बाजारामुळे खालचे बाक भरलेले. सेनगावचे, हट्ट्याचे, कुठले कुठले पेशंट. मी एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून ऐकत होते आणि दार उघडंच होतं. जिन्यावरून पावलं धावत आली. शोभा. पदर खांद्यावर घसरलेला, तिला त्याचं भान नव्हतं. ती दारात येऊन थांबली आणि साऱ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"म्याडम, ह्यांना बांधून झाली. रक्त न्हाई, आव न्हाई. मी डोळ्यानं पायली."

कोणी हसलं नाही. इतक्या माणसांसमोर आपण काय बोललो ते शोभाच्या ध्यानात आलं, पण तिने मान खाली घातली नाही. ती माझ्याकडेच बघत राहिली. माझ्या कानात नळी होती, तरी मला सगळं ऐकू आलं होतं.

समोरच्या म्हाताऱ्याने सदऱ्याची बटणं लावत तिच्याकडे पाहिलं. "बरं झालं माय," तो म्हणाला. "आता दोन घास भाकर घालशील त्याला."

"भाकर इतक्यात नाही," मी म्हणाले. "आधी मऊ भात."

शोभा डोळे पुसत जिना चढून गेली. म्हाताऱ्याने बटणं लावता लावता हात थांबवला, दाराकडे एकवार बघून खुर्ची जरा पुढे ओढली, आणि म्हणाला, म्याडम, छातीचं राहू द्या, मला बी एक सांगायचं हाय.